यानात एक तरी डोकेदुखी का असते?

टीव्हीवरच्या विज्ञान मालिकांचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला मुलं विचारतात: क्षणात कोटी-कोटींचे गुणाकार करणाऱ्या रोबोला साधा विनोद का कळत नाही? दुसरा मोठी माणसं विचारतात: एवढ्या महत्त्वाच्या मोहिमेवर निवडून माणसं पाठवली म्हणता, मग हा एक चक्रम त्यात घुसला कसा? याला पास केलं कुणी?

दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर लेखकाच्या टेबलावर आहे, यानात नाही. पण तिथवर जायचं तर आधी या मंडळींची नीट वर्गवारी करावी लागेल. बोलताना आपण सगळ्यांना एकाच पोत्यात भरतो आणि तिथेच गोंधळ होतो.

१. विकी आणि हॅरिएट

नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्या अनेक मराठी घरांतल्या पिढीला 'स्मॉल वंडर' आठवत असेल. अमेरिकेत १९८५ ते १९८९ या काळात चाललेली ही मालिका आपल्याकडे स्टार प्लसवर हिंदी आवाजात आली. टेड लॉसन नावाचा अभियंता दहा वर्षांच्या मुलीसारखी दिसणारी यंत्रमुलगी बनवतो आणि तिला घरची मुलगी म्हणून वाढवू लागतो. तिचं नाव विकी. बोलणं एकसुरी, चेहरा कोरा, मुक्काम मुलाच्या खोलीतल्या कपाटात. तिला जे सांगाल ते ती शब्दशः करते.

शेजारच्या घरात हॅरिएट राहते. ती न बोलावता येते, नको तिथे नाक खुपसते आणि लॉसनच्या मुलाच्या मागे लागलेली असते. तिचे वडीलही त्याच वाणाचे, टेडच्या कामाचं श्रेय लाटायला टपलेले.

दोघीही घरात अडचण करतात, पण अडचणीची जात वेगळी आहे. विकीला नियम माहीतच नाही. हॅरिएटला तो माहीत आहे, फक्त पाळायचा नाही. विकीला शिकवता येतं, हॅरिएटला दाराबाहेर काढावं लागतं. पहिलीला आपण अवघडलेली म्हणू, दुसरीला त्रासदायक. हा फरक पक्का ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे. स्टार प्लसने २००३ मध्ये झनक शुक्लाला घेऊन 'करिश्मा का करिश्मा' काढली, तेव्हाही यंत्रमुलगी आणि शेजार अशी हीच मांडणी भारतीय घरात आणली.

२. गणपतीत रजनी तुडीलला आली तर

२०१६ मध्ये लाइफ ओके वाहिनीवर 'बहू हमारी रजनी_कांत' सुरू झाली. शान कांत हा संशोधक बाईसारखी हुबेहूब दिसणारी यंत्रबाई तयार करतो आणि ती त्याच्या घरात सून म्हणून वावरू लागते. रिद्धिमा पंडितने केलेली ही रजनी दिलेला हुकूम जसाच्या तसा पाळते, घरच्यांना मात्र ती यंत्र आहे याचा पत्ता नसतो. सासू-सुनेच्या मालिकांना कंटाळलेल्या प्रेक्षकालाही यातली सासू पाहावीशी वाटली, कारण टोमणा मारावा आणि सुनेने तो सूचना म्हणून नोंदवून घ्यावा, यापरता सासूचा पराभव नाही.

(मराठीत याला तोड का नाही, हा प्रश्न मला नेहमी पडतो. जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवलेल्या 'कृष्णविवर' कथेला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ मध्ये बक्षीस मिळालं. तेव्हापासून छापील विज्ञानकथा मराठीत भरपूर झाली. आपल्या वाहिन्यांनी मात्र त्या कपाटाकडे फारसं पाहिलंच नाही.)

आता एक छोटा प्रयोग करू. समजा, ही रजनी गणपतीसाठी तुडीलला आली. महाड तालुक्यातल्या खाडीपट्ट्यातलं गाव, मुंबईचे चाकरमानी आलेले, घर भरलेलं. दुपारचा एक वाजला आहे. पोलादपूरहून मामा दर्शनाला येतात. काकू म्हणतात, "मामा, आता जेवूनच जा." मामा म्हणतात, "नको गं, निघताना झालंय थोडंसं."

रजनीच्या लेखी प्रकरण मिटलं. विचारलं, नकार आला. ती मामांसाठी मांडलेलं ताट उचलून ठेवते आणि मोदक डब्यात भरते. घरात शांतता पसरते.

तिचं चुकलं काय? व्याकरणाने काहीच नाही. मामांचं वाक्य नकाराचंच होतं. पण घरातल्या सहा वर्षांच्या पोरालाही कळतं की हा नकार पहिला आहे, आणि पहिला नकार मोजायचा नसतो. काकूंनी दुसऱ्यांदा म्हणायचं, "काय तुमचं, सणाचं घर आहे." मामांनी हात हलवायचा. तिसऱ्यांदा आजीने आतून आवाज द्यायचा आणि मग मामांनी म्हणायचं, "बरं, एक मोदक फक्त." त्यानंतर ते पाच खातात. या सगळ्या व्यवहारातलं एकही वाक्य शब्दशः खरं नाही आणि कुणीही कुणाला फसवलेलं नाही.

आता शान रजनीत नवा नियम घालतो: पाहुण्याने नको म्हटलं तरी तीनदा आग्रह करावा. दुसऱ्या दिवशी विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला माणूस येतो. रजनी त्यालाही तीनदा जेवायला बसवू पाहते. मग शेजारचे आजोबा येतात. त्यांना मधुमेह आहे, त्यांचं "मोदक नको" हे खरंच नको आहे. रजनी ऐकत नाही. नियम होता तेव्हाही चूक, नव्हता तेव्हाही चूक.

मुलांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. गुणाकाराचे नियम थोडे आहेत आणि ते कुठेही बदलत नाहीत. आग्रहाचे, थट्टेचे, रुसव्याचे नियम लिहिलेले नसतात, माणसागणिक बदलतात, आणि ते कधी मोडायचे याचेही नियम असतात. विनोद तर अशा नियमांच्या थरांवरच उभा असतो. आपल्याला ते सोपे वाटतात, कारण ते शिकल्याचं आपल्याला आठवत नाही. आजचे बोलके संगणक अशा गप्पा बऱ्यापैकी मारतात ही गोष्ट खरी, पण विकी आणि रजनी लिहिल्या गेल्या तेव्हा लेखकासमोर जुन्या पद्धतीचं, नियमावर चालणारं यंत्र होतं. पडद्यावरचा रोबो अजूनही बहुधा तोच असतो.

'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' (१९८७ ते १९९४) मधल्या डेटाने हा घोळ सर्वांत बारकाईने दाखवला. ब्रेंट स्पायनरने केलेला हा यंत्रमानव यानावरचा अधिकारी आहे, बलवान आहे, विद्वान आहे आणि त्याला माणूस व्हायचं आहे. १९८८ च्या एका भागात तो विनोद शिकायला बसतो. यानातल्या आभासी खोलीत एका विनोदवीराची प्रतिमा उभी करून तो थट्टेची तालीम करतो. समोरचे आभासी प्रेक्षक खदखदून हसतात. डेटाला आनंद होणार इतक्यात त्याच्या लक्षात येतं की तो काहीही बोलला तरी ते हसताहेत. १९९१ च्या 'इन थिअरी' या भागात एक सहकारी तरुणी त्याच्या प्रेमात पडते. चुंबनाच्या क्षणी तुझ्या मनात काय होतं, असं ती विचारते. डेटा प्रामाणिकपणे यादी देतो: यानाची गणितं, डिकन्सचं साहित्य, ओठांवर सुरक्षितपणे किती दाब द्यावा याचा हिशेब आणि मांजरीच्या खाण्यात करायचा बदल. प्रश्न विचारला तर उत्तर द्यावं, हे त्याला ठाऊक होतं. काही प्रश्नांना उत्तर नको असतं, हे ठाऊक नव्हतं.

मूळ 'स्टार ट्रेक' (१९६६ ते १९६९) आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर दिसली. त्यातला स्पॉक या कुळाचा मूळपुरुष मानतात, पण तो थोडा निराळा आहे. त्याचे वडील व्हल्कन ग्रहावरचे, आई पृथ्वीवरची. भावना त्याला कळतात, त्याच्याकडे त्या आहेतही. तो त्या दाबून ठेवतो, कारण व्हल्कन रीत तशी आहे. म्हणजे स्पॉक अडाणी पाहुणा नव्हे, कडक सोवळ्यातला पाहुणा. डॉक्टर मॅकॉय त्याला सतत डिवचतो आणि प्रेक्षक दोघांचीही बाजू घेतात.

३. वडखळला अडकलेली एसटी

अवघडलेल्याचं काम कळलं. तो बाहेरून येतो, आपल्या रीतींवर बोट ठेवतो आणि आपण त्या पहिल्यांदाच पाहतो. पण त्रासदायक माणूस कशाला हवा?

अंतराळयान म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबईहून महाडकडे निघालेली आणि वडखळच्या कोंडीत अडकलेली एसटी. उतरता येत नाही, नवा माणूस चढत नाही, खिडकीबाहेर तासन्‌तास तेच दिसतं. अशा गाडीत सगळेच समजूतदार असले तर सांगण्यासारखं काही घडणार नाही. पण शेजारचा एक जण मोठ्या आवाजात ड्रायव्हरला सल्ला देऊ लागला, दुसऱ्याच्या पाण्याच्या बाटलीला न विचारता तोंड लावू लागला, की प्रवासाची गोष्ट तयार होते.

मालिकेच्या लेखकाची हीच अडचण असते. दर आठवड्याला नवा ग्रह, नवा राक्षस उभा करायचा तर पैसा लागतो. दोन माणसांचं भांडण फुकट पडतं. त्याला जुनाच सेट चालतो.

१९६५ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन 'लॉस्ट इन स्पेस' मध्ये हे उघड दिसतं. अंतराळात भरकटलेलं रॉबिन्सन कुटुंब: आई, वडील, तीन मुलं, एक वैमानिक. सगळे सज्जन, सगळे शूर. आठवडाभर ठीक, तीन वर्षं कठीण. पण यानात घातपात करायला शिरलेला आणि उड्डाणात अडकलेला डॉ. झॅकरी स्मिथ तिथे होता. मूळ बेत त्याला लवकर कथेतून काढून टाकण्याचा होता. नट जोनाथन हॅरिस याने आपले संवाद स्वतःच फिरवत खलनायकाचा भित्रा, आळशी, खादाड, कांगावखोर विदूषक करून टाकला. रोबोला तो एकाच अक्षराने सुरू होणाऱ्या शिव्यांच्या माळा घालायचा. १९६८ मध्ये मालिका संपेपर्यंत तो राहिला, आणि श्रेयनामावलीत मात्र शेवटपर्यंत 'खास पाहुणा कलाकार'! आपल्याकडच्या घराघरांत असे खास पाहुणे सापडतील.

ब्रिटिशांनी यावर कडी केली. १९८८ मध्ये बीबीसीवर आलेल्या रॉब ग्रँट आणि डग नेलर यांच्या 'रेड ड्वार्फ' मध्ये लिस्टर नावाचा गबाळा खलाशी तीस लाख वर्षांनी झोपेतून उठतो. बाकीचे सगळे मेलेले. यानाचा संगणक त्याला सोबत म्हणून मेलेल्यांपैकी एकाच माणसाची प्रकाशप्रतिमा उभी करू शकतो. निवडतो कुणाला? रिमरला. लिस्टरचा खोलीतला सोबती, नियमांची पोपटपंची करणारा, चोंबडा, अधिकाऱ्याच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झालेला. एका परीक्षेत तर त्याने उत्तरपत्रिकेवर 'मी मासा आहे' हे चारशे वेळा लिहिलं आणि चक्कर येऊन पडला. याच माणसाला का आणलंस, असं लिस्टर विचारतो तेव्हा संगणकाचं म्हणणं असं की तुझं सर्वांत जास्त बोलणं त्याच्याशीच होत असे. एकट्या माणसाचं डोकं ठिकाणावर ठेवायला मित्रापेक्षा रोजचं भांडण उपयोगी पडेल, हा संगणकाचा हिशेब. मला तरी तो बरोबर वाटतो.

४. पेंद्याची गादी

हे सगळं परदेशी आहे असं मानायचं कारण नाही. कोकणातल्या नमन-खेळ्यांत किंवा तमाशात गवळण सुरू झाली की कृष्ण काय करणार हे प्रेक्षकाला आधीच माहीत असतं. लोक पेंद्याची वाट बघतात. तो बोबडा, वेंधळा, नको तिथे तोंड घालणारा. मावशी खवचट, गवळणींना पुढे घालून कृष्णाला अडवणारी. देव बोलतो ते पवित्र, पण पेंद्या मध्येच विचारतो तो प्रश्न मांडवात बसलेल्याचा असतो. देवाला तो प्रश्न विचारायची सोय इतर कुठल्याही पात्राला नाही. यानातल्या कॅप्टनला सर्वांदेखत अडवायची सोयही अशाच कुणाला तरी असावी लागते.

५. बार्कले

आतापर्यंतचे सगळे यंत्र, परग्रहवासी किंवा विदूषक. साधा माणूस अवघडलेला असेल तर? १९९० मध्ये 'नेक्स्ट जनरेशन' च्या 'हॉलो परस्यूट्स' या भागात रेजिनल्ड बार्कले आला. ड्वाइट शुल्त्झने केलेला हा अभियंता अडखळत बोलतो, बैठकीला उशिरा येतो, वरिष्ठ समोर आले की घामाघूम होतो. सहकारी मागून त्याला 'ब्रॉकली' म्हणतात. एकदा खुद्द कॅप्टन पिकार्डच्या तोंडून त्याच्यासमोर तेच नाव निसटतं.

हा प्रसंग मला या मालिकेतल्या कित्येक लढायांपेक्षा मोठा वाटतो. चोविसाव्या शतकातलं यान, जिथे भूक नाही, गरिबी नाही, सगळे एकमेकांशी सभ्यपणे वागतात असं आपल्याला तीन वर्षं सांगितलं गेलं. आणि त्या यानात टोपणनावं ठेवून हसण्याचा उद्योग शाबूत आहे. बार्कले आभासी खोलीत जातो, तिथे याच सहकाऱ्यांच्या प्रतिमा बनवतो, त्यांना तलवारबाजीत हरवतो, आणि तिथे तो अडखळत नाही. गोष्ट त्याला सोडून देत नाही. त्याची चोरी पकडली जाते, ज्यांच्या प्रतिमा बनवल्या ते स्वतः ती खोली पाहतात, लाज जाते. आणि शेवटी यान वाचवणारा धागाही त्यालाच सापडतो. पुढे १९९९ मध्ये, हजारो प्रकाशवर्षं दूर हरवलेल्या 'व्हॉयेजर' यानाशी संपर्क जोडण्याच्या कथेत नायक म्हणून याच बार्कलेला आणलं गेलं.

६. वेस्लीचं काय चुकलं?

त्याच यानात वेस्ली क्रशर नावाचा मुलगा होता. हुशार, सालस, आईचा लाडका, सगळी उत्तरं येणारा. नट विल व्हीटन. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांचं मधलं नाव वेस्ली, त्यावरून हे नाव आलं. कागदावर यात आवडू नये असं काही नाही. आणि तरी 'स्टार ट्रेक' च्या प्रेक्षकांना याच्याइतकं नकोसं पात्र क्वचितच झालं असेल.

वेस्ली बार्कलेपेक्षा सभ्य आहे, स्मिथपेक्षा हजारपट प्रामाणिक. मग राग कशाचा? अनुभवी अधिकारी डोकं खाजवत उभे असतात आणि उत्तर हा पोरगा देतो. त्याला अडवणारे मूर्ख ठरतात. तो चुकला तर त्याची किंमत त्याला पडत नाही. म्हणजे पात्र त्रासदायक आहेच, पण गोष्ट त्याचं कौतुक करत सुटते. वर्गात बाईंनी रोज एकाच मुलाला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या तर त्या मुलाचं काय होतं ते आपण पाहिलेलं आहे.

बार्कले लोकांना का चालला आणि वेस्ली का नाही, याची कसोटी माझ्या मते एवढीच. पात्र कितीही वेंधळं, उद्धट, चिकट असो, त्याच्या खोडीची किंमत गोष्ट त्याच्याकडून वसूल करत असेल तर प्रेक्षक त्याला घरात घेतो. वसुली नसेल तर सद्गुणीसुद्धा नकोसा होतो. 'स्टारगेट' मालिकांतला रॉडनी मॅके पाहा. आधी तो पाहुणा म्हणून आला तो असह्य गर्विष्ठ शास्त्रज्ञ म्हणून. २००४ पासून 'स्टारगेट अटलांटिस' मध्ये तो कायमचा आला तेव्हा गर्व तसाच ठेवला, पण त्याला भित्रा केलं, चुका करायला लावल्या आणि त्या निस्तरायला लावल्या. पाच वर्षं लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

याचा पुरावा वेस्लीनेच दिला. १९९२ च्या 'द फर्स्ट ड्यूटी' या भागात तो अंतराळ अकादमीचा विद्यार्थी आहे. त्याच्या गटाने बंदी असलेली हवाई कसरत केली, त्यात एक मित्र गेला आणि गटाने खोटं सांगितलं. वेस्लीही खोटं बोलला. पिकार्ड त्याला समोर उभं करतो आणि सत्य सांग, नाहीतर मी सांगेन, असं बजावतो. वेस्ली सांगतो, वर्ष वाया जातं, मान खाली जाते. या एका भागात तो पहिल्यांदा माणूस दिसतो. व्हीटननेही पुढे या रागाचा चांगला उपयोग केला. २००९ पासून 'द बिग बँग थिअरी' मध्ये तो स्वतःच्याच नावाने आला, त्या मालिकेचा नायक शेल्डन याचा वैरी म्हणून.

७. आणि मालिका बघणारा रोबो

२०२५ मध्ये मार्था वेल्सच्या कथांवरून 'मर्डरबॉट' ही मालिका आली. त्यातला सुरक्षा रोबो गुपचूप स्वतंत्र झालेला आहे. तो क्रांती करत नाही, जग जिंकत नाही. त्याला माणसांच्या डोळ्यांत बघायला नको वाटतं, गप्पा नको वाटतात, आणि कुणी त्रास दिला नाही तर एका कोपऱ्यात उभं राहून मालिका बघायच्या असतात. डेटाला माणूस व्हायचं होतं, याला मुळीच व्हायचं नाही. चार लोकांत गेलं की ज्यांचा जीव गुदमरतो अशा पुष्कळ प्रेक्षकांना हा सर्वांत जवळचा वाटला, आणि त्यांना वेडं ठरवण्याचं कारण नाही. बुजरेपणा म्हणजे आजार नव्हे. पडद्यावरच्या रोबोवरून खऱ्या माणसाचं निदान करण्याचा धंदा मात्र टाळावा.

यातलं काहीच पाहिलं नसेल तर सुरुवात बार्कलेच्या पहिल्या भागाने करा. मग 'इन थिअरी', मग 'रेड ड्वार्फ' चा पहिला हंगाम. डॉ. स्मिथचे दोन-तीन भाग पुरेत, तो पुढे फारसा बदलत नाही. वेस्लीचे सुरुवातीचे भाग खुशाल वगळा, 'द फर्स्ट ड्यूटी' मात्र वगळू नका.